दुखत नाही, मग हाडे मोडली कशी?

सोलापूर शहराच्या पूर्व भागातील एका वाचक भगिनींनी आपल्या वडिलांविषयी लिहिले आहे. वडील, म्हणजे घरातले अण्णा, ५८ वर्षांचे असून टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, आणि त्यांना १७ वर्षांपासून मधुमेह आहे. या जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत ते नंदीध्वजांच्या मिरवणुकीबरोबर ६८ लिंगांच्या मार्गावर अनवाणी चालले. तीन दिवसांनी उजवा पाय सुजला, लाल झाला आणि हाताला गरम लागू लागला. दुखणे मात्र जवळजवळ नव्हते. तेव्हा काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडे नॉर्मल असल्याचा रिपोर्ट आला आणि कातडीखालचा जंतुसंसर्ग समजून तीन आठवडे अँटिबायोटिक दिले गेले. सूज थोडी उतरताच अण्णा कामावर रुजू झाले. मार्चअखेर पायाची कमान बसली, तळव्याच्या मधोमध उंचवटा आला आणि दुसऱ्या एक्स-रेमध्ये पायाच्या मधल्या भागातील सांधे निखळलेले व हाडांचे तुकडे झालेले दिसले. एका सर्जननी हाडात पू धरल्याचे सांगून पाय घोट्याच्या वरून काढण्याचा सल्ला दिला आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी हा 'शार्को फूट' असल्याचे सांगून एमआरआय आणि गुडघ्यापर्यंतचे प्लास्टर सुचवले आहे. एक्स-रेच्या रिपोर्टवर 'मज्जातंतूंच्या विकारामुळे सांध्यांचा नाश. हाडातील जंतुसंसर्ग वगळता येत नाही' असे लिहिले आहे. ताप नाही, रक्तातील पांढऱ्या पेशी नॉर्मल आहेत, ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, किंचित वाढलेला आहे. अण्णा दोन्हींपैकी कशालाच तयार नाहीत. 'दुखत नाही, मग मोडले कसे? मशीनचीच चूक असेल' असे ते म्हणतात. भगिनी विचारतात की दोघांपैकी खरे कोण, पहिला एक्स-रे चुकीचा होता का, एमआरआयने शंभर टक्के कळेल का, आणि अण्णांना मिरवणुकीला जाऊ दिले ही आपली चूक झाली का.

ताई,

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी मागे जाऊन पुन्हा वाचले. 'पायाला जखम अशी कुठेच नाही' हे तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहे. पण दोन डॉक्टरांमधल्या मतभेदाचा निकाल ज्या गोष्टीवर लागण्याचा संभव सर्वांत जास्त आहे, ती हीच. तिच्याकडे मी थोड्या वेळाने येतो. त्याआधी हे सांगितले पाहिजे की मी आयुष्यभर क्ष-किरण विभागात बसून फिल्म वाचण्याचे काम केले आहे, परंतु अण्णांच्या फिल्म माझ्या समोर नाहीत. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते तुमच्या पत्रावरून लिहितो आहे, आणि त्याची मर्यादा तुम्ही लक्षात ठेवावी.

तुमच्या पहिल्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एक समजूत आहे. हाडाचे चित्र काढले की त्यात आजाराचे नाव लिहिलेलेच असते, वाचणाऱ्याला ते दिसते किंवा दिसत नाही इतकेच, असे बहुतेकांना वाटते. तसे असते तर आमचे काम फार सोपे झाले असते. फिल्मवर उमटते ती सावली. हाड मोडलेले आहे हे तिच्यात दिसते. ते कशाने मोडले हे त्या पायाची हकीकत ठाऊक असेल तरच सांगता येते. मज्जातंतू बिघडल्यामुळे होणाऱ्या सांध्याच्या नाशाच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे, कारण पाय बधिर आहे ही गोष्ट कोणत्याही फिल्मवर उमटत नाही.

इथे आपल्या बोलीतला 'नस' हा शब्दही घोळ घालतो. रक्त वाहून नेते तीही नस आणि संवेदना नेते तीही नस. डॉक्टरांनी 'नसा खराब झाल्या आहेत' असे सांगितले की घरचे लोक रक्तपुरवठा कमी झाला असे समजतात आणि तेलाची मालीश, गरम विटेचा शेक सुरू होतो. बधिर पायाला शेक दिला तर कातडी भाजते आणि भाजल्याचे कळतही नाही, म्हणून तुमच्या घरी हा प्रकार चालू असेल तर तो आजच बंद करा. अण्णांच्या बाबतीत बिघडलेले दिसतात ते संवेदना नेणारे मज्जातंतू. अशा पायात रक्तप्रवाह पुष्कळदा चांगला असतो, पायावरची नाडी ठसठशीत लागते. अण्णांना एवढे विचारून पाहा: चालताना चप्पल पायातून निसटली तर ती मागे राहिल्याचे त्यांना कळते का, फरशीवर चालताना गादीवर चालल्यासारखे वाटते का, रात्री तळपायांची आग होते का. डॉक्टर हीच गोष्ट १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून किंवा १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याला लावून दोन मिनिटांत तपासतात. ही तपासणी झाली नसेल तर ती आग्रहाने मागून घ्या, कारण कुठल्याही स्कॅनचा अर्थ लावायला ती लागते.

अण्णांचा प्रश्न मात्र अगदी बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर त्यांना त्यांच्याच कामातून पटेल. ज्या मागावर धागा तुटताच माग आपोआप थांबण्याची सोय असते, त्या मागाची ती सोय बंद पडली तर काय होते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? माग चालूच राहतो, आवाजात काही फरक पडत नाही, आणि कापड मात्र वारभर खराब होऊन बाहेर येते. वेदना ही शरीराची तशी सोय आहे. आपला पाय किंचित मुरगळला तरी आपण लंगडतो, भार दुसऱ्या पायावर घेतो, आणि त्या लंगडण्यातच दुरुस्तीला वेळ मिळतो. अण्णांचा पाय लंगडलाच नाही. एखादे बारीक हाड तडकले, बंध ताणला गेला, आणि त्याच पायावर ते आठ तास मागांच्या रांगेत फिरत राहिले. शिवाय अशा पायात दाह पेटला की हाड कुरतडणाऱ्या पेशींचा जोर वाढतो, हाड मऊ पडते, आणि एरवी सहज पेलले असते अशा वजनाखालीही ते चुरते. दुखत नाही हीच या आजाराची ओळख आहे. दुखत नसताना मोडते असे म्हणण्यापेक्षा दुखत नाही म्हणून मोडते असे अण्णांना सांगा.

या आजाराला ज्यांचे नाव मिळाले त्या जाँ-मार्टिन शार्को यांनी १८६८ मध्ये पॅरिसमध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा त्यांच्यासमोरचे रुग्ण मज्जारज्जूपर्यंत पोचलेल्या सिफिलिसचे होते. मधुमेहाशी त्याचा संबंध १९३६ मध्ये विल्यम जॉर्डन यांनी मांडला. आज मधुमेह हेच त्याचे सर्वांत मोठे कारण आहे आणि त्याची आवडती जागा म्हणजे पायाचा मधला भाग, नेमका अण्णांचा मोडला आहे तोच.

आता पहिल्या एक्स-रेविषयी. तो चुकीचा होता असे मला वाटत नाही. सुरुवातीच्या दिवसांत हाडांच्या आत फक्त सूज असते, हाडाच्या पोकळीतल्या मगजात पाणी साचलेले असते, आणि साध्या एक्स-रेला ते पाणी दिसत नाही. त्याला दिसते ते तुटलेले किंवा जागचे हललेले हाड. बहुधा ती फिल्म अण्णांना झोपवून काढली असेल, आणि झोपलेल्या पायावर भार नसल्यामुळे ढिले झालेले सांधेही आपापल्या जागी निमूट बसलेले दिसतात. फिल्म खरीच होती, तिच्यावर टाकलेला विश्वास जास्त होता. मधुमेही पायासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना या बाबतीत स्पष्ट आहेत: मज्जातंतू बिघडलेल्या मधुमेही माणसाचा पाय कातडी शाबूत असताना गरम, लाल आणि सुजलेला दिसला तर शार्कोचा संशय घ्यावा, एक्स-रे नॉर्मल आला तर एमआरआय करावा, आणि निदान पक्के होईपर्यंत वाट न पाहता पायावरचा भार काढावा. पहिल्या डॉक्टरांवर मी दोष ठेवणार नाही, कारण लाल, गरम, सुजलेला पाय पाहिल्यावर कातडीखालचा जंतुसंसर्ग आठवणे स्वाभाविक आहे. कुणाला त्यात गाऊट दिसतो, कुणाला मुरगळ, कुणाला पायाच्या शिरेतली रक्ताची गुठळी. पण ज्या वाचकांच्या घरी आज पहिलाच आठवडा चालू आहे, त्यांनी 'एक्स-रे नॉर्मल' या दोन शब्दांवर माणसाला चालायला लावू नये.

दुसऱ्या फिल्मवर मी काय पाहिले असते ते थोडे सविस्तर सांगतो, म्हणजे रिपोर्टमधली भाषा तुम्हाला परकी वाटणार नाही. वरून काढलेल्या फिल्ममध्ये माझी नजर आधी दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडाच्या बुडाशी जाते. सुताराने चौकटीच्या खाचेत लाकूड ठोकून बसवावे तसे हे हाड मागच्या लहान हाडांच्या खाचेत बसलेले असते, आणि त्याची आतली कड मागच्या हाडाच्या आतल्या कडेशी एका सरळ रेषेत हवी. ती रेषा दोन मिलिमीटरने जरी सरकली तरी तो सांधा सुटू लागला आहे असे मी समजतो. मग बाजूने काढलेली फिल्म. घोट्याखालच्या हाडाच्या मध्यातून ओढलेली रेघ निरोगी पायात थेट अंगठ्यामागच्या लांब हाडातून जाते. कमान बसली की ही रेघ मध्येच खाली मोडते आणि पायाचा तळ होडीच्या बुडासारखा गोल दिसू लागतो. तुम्ही लिहिलेला तळव्याचा उंचवटा तो हाच असावा. या दोन्ही फिल्म रुग्णाला उभे करून काढल्या तरच या रेषांना अर्थ असतो. अण्णांना मात्र आता त्या पायावर पूर्ण भार देऊन उभे करू नये. किती भार चालेल हे डॉक्टरांना विचारूनच फिल्म घ्यावी.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना या आजाराची चित्रे 'डी'ने सुरू होणाऱ्या सहा इंग्रजी शब्दांनी पाठ करायला लावतात. मराठीत सांगायचे तर सांध्यात पाणी भरून तो फुगतो, हाडांची टोके नेहमीपेक्षा दाट व पांढरी दिसतात, सांध्याभोवती हाडाचा चुरा पडतो, हाडे निखळतात, त्यांची मांडणी विस्कटते आणि सांध्याचे पृष्ठभाग नष्ट होतात. हे सारे एकाच फिल्मवर, आणि समोरचा माणूस म्हणतो की मला विशेष काही होत नाही. साध्या झिजेच्या संधिवातात एवढी पडझड झालेला माणूस पाय टेकवू शकला नसता. फिल्मवरची मोडतोड आणि रुग्णाच्या तोंडची तक्रार यांचा हा विसंगत जोड दिसला की माझा संशय बळावतो.

हाडातला जंतुसंसर्ग, म्हणजे ऑस्टिओमायलायटिस, यापासून वेगळा कसा ओळखायचा हा तुमचा खरा प्रश्न आहे. आता जखमेच्या मुद्द्याकडे येतो. मधुमेही पायात जंतू हाडापर्यंत पोचतात ते जवळजवळ नेहमी कातडीच्या वाटेने. आधी घट्टा, मग त्याखाली जखम, ती खोल होत हाडाला भिडते आणि तिच्या बरोबर खालचे हाड नासते. म्हणून असा संसर्ग जिथे पायावर दाब पडतो तिथे जास्त आढळतो: बोटांची टोके, चवडा, टाच. शार्कोची मोडतोड सहसा पायाच्या मधल्या सांध्यांत असते, एकाच वेळी अनेक हाडांत असते आणि तिची केंद्रे सांध्यांच्या दोन्ही बाजूंना असतात. संसर्गात हाडाच्या कडा धूसर, पुसल्यासारख्या होतात. शार्कोत तुकड्यांच्या कडा पुष्कळदा ठळक राहतात. पण दोन गोष्टी सावधपणे धरा. पहिली अशी की तळव्याच्या उंचवट्यावर घट्टा असेल तर त्याच्या खाली जखम लपलेली असू शकते, तेव्हा जखम नाही हे तुमच्या डोळ्यांचे मत आहे; पायाची सवय असलेल्या डॉक्टरांनी घट्टा तासून पाहिल्याशिवाय ते पक्के धरू नका. दुसरी अशी की मधुमेहात हाड नासले असतानाही ताप नसणे आणि पांढऱ्या पेशी नॉर्मल असणे शक्य असते. अण्णांचे रक्ताचे रिपोर्ट शार्कोच्या बाजूने झुकतात, एवढेच मी म्हणेन.

याबाबत माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णालयात माझ्याकडे एक फिल्म आली. सोबतच्या चिठ्ठीवर 'उजवा पाय, सूज' एवढेच लिहिले होते. मधुमेहाचा उल्लेख नव्हता आणि मी तो विचारलाही नाही. पायाच्या मधल्या भागात कुरतडलेली हाडे पाहून मी ऑस्टिओमायलायटिस लिहून मोकळा झालो. माझ्या त्या एका शब्दावर शस्त्रक्रिया झाली, आणि काढलेल्या हाडात जंतू सापडले नाहीत. ती फिल्म मी नंतर पुन्हा मागवून दिव्यावर लावली तेव्हा बोटांमागच्या दोन लांब हाडांच्या मधल्या जागेत, रेल्वेच्या रुळांसारख्या दोन बारीक समांतर पांढऱ्या रेघा मला दिसल्या. रक्तवाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या उमटतात, आणि अशा पायाच्या फिल्मवर त्या दिसल्या की दीर्घ मधुमेहाची शंका यायलाच हवी. चिठ्ठीने जे सांगितले नव्हते ते फिल्मच्या त्या कोपऱ्यात होते. तेव्हापासून पायाची कुठलीही फिल्म हातात आली की मी आधी तिथे पाहतो, आणि चिठ्ठी अपुरी असेल तर रुग्णाला आत बोलावून स्वतः विचारतो. तुम्ही अण्णांची फाईल घेऊन जाल तेव्हा हे सारे आपणहून सांगा: मधुमेह १७ वर्षांचा, पाय बधिर असल्यास तसे, जखम कधीही झाली होती का, सूज कोणत्या तारखेला आली. आणि दोन्ही फिल्म बरोबर न्या, फक्त रिपोर्ट नको. जानेवारीची आणि मार्चची फिल्म शेजारी शेजारी लावल्यावर जे कळते ते एकटीच्या फिल्मवरून कळत नाही.

एमआरआयकडून काय अपेक्षा ठेवावी? शंभर टक्के नाही, पण तो करावा असे माझे स्पष्ट मत आहे. हाडातले पाणी एमआरआयला फार लवकर दिसते, एक्स-रेवर काही उमटण्याच्या कितीतरी आधी. अडचण अशी की ते पाणी शार्कोतही असते आणि संसर्गातही. म्हणून नुसते 'हाडात सूज आहे' या वाक्यावरून पाय कापण्याचा निर्णय होऊ शकत नाही. वाचणाऱ्याने पाहायचे असते ते असे की सूज कोणत्या हाडांत आहे, कातडीपासून हाडापर्यंत जाणारी वाट किंवा पुवाची पोकळी दिसते का, आणि मगजातली चरबी एका सलग भागात नाहीशी झाली आहे का. शार्कोवर संसर्ग चढला असेल तर काही हाडे एका प्रकारच्या चित्रात विरून जातात आणि दुसऱ्या प्रकारच्या चित्रात किंवा औषध टोचल्यानंतर पुन्हा प्रकटतात; या खुणेला आमच्या क्षेत्रात भुताची खूण म्हणतात. एमआरआयच्या आधी मूत्रपिंडाची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, दाखवा, कारण मूत्रपिंड कमजोर असेल तर शिरेतून द्यायचे औषध टाळावे लागू शकते, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा त्या औषधाशिवायही मिळते. हृदयात पेसमेकर किंवा शरीरात कुठे धातू असल्यास आधी सांगा. घट्ट्याखाली जखम निघाली तर स्कॅनच्या वेळी त्या जागेवर खुणेची कॅप्सूल चिकटवायची विनंती करा. चित्रात ती चमकते आणि जखम व हाड यांचे नाते वाचणाऱ्याला लगेच कळते. खर्चाची चिंता असेल तर सरकारी रुग्णालयात चौकशी करा, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नेमके काय बसते हे तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

एमआरआयनंतरही संशय उरला तर हाडाचा बारीक तुकडा सुईने काढून त्याची तपासणी करता येते, किंवा मोठ्या केंद्रात पांढऱ्या पेशींना खूण लावून केला जाणारा न्यूक्लिअर स्कॅन करता येतो. कापण्याचा सल्ला देणाऱ्या सर्जनना तुम्ही अगदी अदबीने एवढेच विचारा की संसर्ग कातडीतून गेला असेल तर वाट कोणती, आणि पाय काढण्याआधी हाडाची तपासणी करता येईल का. चांगल्या सर्जनना हा प्रश्न झोंबत नाही.

कोण खरे हे मी इथून ठरवणार नाही. पण दोन सल्ल्यांची घाई सारखी नाही, हे लक्षात घ्या. पाय आज कापला तर तो परत येत नाही. ताप, पू, पसरणारी लाली, दुर्गंधी, काळी पडणारी कातडी किंवा अचानक बेलगाम वाढलेली साखर यांपैकी काहीच नसेल, तर एमआरआयसाठी आणि दुसऱ्या मतासाठी थोडे दिवस घेता येतात. यांतली एकही गोष्ट दिसली तर मात्र हे पत्र बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. याउलट पायावरचा भार काढणे ही गोष्ट एक दिवसही थांबणारी नाही. एमआरआयची तारीख पुढच्या आठवड्यातली असली तरी चालणे आजपासून बंद, संडासाला जातानाही आधार किंवा व्हीलचेअर. निदान शार्कोचे ठरो वा संसर्गाचे, या सल्ल्याने नुकसान होत नाही.

प्लास्टरविषयी थोडे. बधिर पायाला घालायचे प्लास्टर मोडलेल्या हाताच्या प्लास्टरसारखे नसते. ते पायाच्या आकाराला सर्व बाजूंनी घट्ट भिडलेले असते, जेणेकरून भार एका जागी न पडता पोटरीपर्यंत वाटला जातो. सूज उतरली की ते सैल होते आणि आत घासून जखम करते, म्हणून पहिले प्लास्टर काही दिवसांतच बदलावे लागते आणि पुढेही ठराविक अंतराने. हे काम रुळलेल्या हातांनीच करावे. हाडवैद्याकडे किंवा सवय नसलेल्या ठिकाणी ते करून घेऊ नका. आधी पायाचा रक्तपुरवठाही तपासून घ्या, आणि रुळांसारख्या रेघांमुळे घोट्यावरचा रक्तदाब खोटा जास्त दाखवला जाऊ शकतो हे डॉक्टरांना आठवण म्हणून सांगायला हरकत नाही. मुदत महिन्यांत मोजायची असते. थांबायचे केव्हा हे कॅलेंडरवर ठरत नाही. दोन्ही पायांचे तापमान जवळपास सारखे झाले, सूज गेली आणि फिल्मवर तुकड्यांच्या कडा गोल होऊन हाडे सांधू लागलेली दिसली, म्हणजे १९६६ मध्ये आयकेनहोल्ट्झ यांनी सांगितलेल्या टप्प्यांपैकी पहिला मोडतोडीचा टप्पा ओलांडून पुढचे सुरू झाले, की मगच खास बुटाकडे वळतात.

तापमान घरी पाहता येते. करोनाच्या काळात घेतलेली ती कपाळाला धरायची बंदूक कपाटात असेलच. ती वस्तूचे किंवा पृष्ठभागाचे तापमान मोजण्याच्या सेटिंगवर ठेवा, कारण कपाळाच्या सेटिंगवर पायाचे आकडे येत नाहीत किंवा भलतेच येतात. अण्णांना पंधरा मिनिटे मोजे न घालता घरातच बसू द्या, आणि दोन्ही पायांवर अगदी त्याच जागी मोजा. सोलापूरच्या एप्रिलमध्ये दोन्ही पाय गरमच लागणार, म्हणून एका पायाच्या आकड्याला अर्थ नाही. दोहोंतला फरक पाहायचा, आणि तो दोन अंश सेल्सिअसच्या वर असेल तर आग अजून विझलेली नाही असे समजायचे. प्लास्टर घालण्याआधीचा आकडा वहीत लिहून ठेवा. आणखी एक साधी गोष्ट: पाय उंच उशीवर पाच-दहा मिनिटे ठेवून पाहा. लाली ओसरली तर ते शार्कोशी जुळते, तशीच राहिली तर संसर्गाची शंका वाढते. याला पुरावा मानू नका, पण डॉक्टरांना सांगा.

ज्या वाचकांचा प्रश्न पायाचा नाही त्यांच्यासाठीही दोन ओळी, कारण हा आजार मधुमेहाच्या पायापुरता नाही. खांद्याच्या गोळ्याचे हाड करवतीने कापल्यासारखे नाहीसे झालेले दिसले आणि खांदा फारसा दुखत नसेल, तर मानेचा एमआरआय करायला हवा, कारण मज्जारज्जूत पाण्याची पोकळी झाल्याने असे होऊ शकते. कुष्ठरोगात हातापायांच्या बोटांची हाडे चोखून निमुळत्या केलेल्या कांडीसारखी होत जातात. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाच्या कण्याचे मणकेही असेच मोडू शकतात. फिल्मवरचा नाश मोठा आणि वेदना लहान असेल तर 'मज्जातंतूंचे काय?' हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा.

मिरवणुकीचा दोष स्वतःकडे घेऊ नका. अनवाणी चालण्याने ठिणगी पडली असेल, पण पाय बधिर झाला तो वर्षानुवर्षांत, आणि असा पाय दारातल्या पायरीवरून उतरतानाही मोडतो. पुढच्या वर्षी अण्णांनी अनवाणी जाऊ नये हे मात्र खरे. श्रद्धेचा प्रश्न नाजूक असतो हे मी जाणतो. त्यांना नंदीध्वजांचे दर्शन खुर्चीवर बसून घेता येईल. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांचे बधिर हातपाय वर्षानुवर्षे अभ्यासून हेच दाखवले होते की बोटे आजाराने गळत नाहीत, न कळलेल्या दुखापतींनी झिजतात. कुष्ठरोग्यांसाठी वापरला जाणारा मऊ रबराचा तळ, ज्याला एमसीआर म्हणतात, आज मधुमेही चपलांतही मिळतो. प्लास्टर निघाल्यावर अण्णांना तो लागेल. पाय सपाट राहिला तर उंचवट्याची जागा खोल करून बनवून घ्यावा लागेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, ती सांगून थांबतो. पुढचे काही महिने अण्णांचा सारा भार डाव्या पायावर येणार आहे, आणि तो पायही १७ वर्षांच्या मधुमेहाचाच आहे. उजवा पाय प्लास्टरमध्ये गेल्यावर तुलना करायला दुसरा पाय उरत नाही, म्हणून डाव्याचे आकडे आजपासूनच वहीत वेगळ्या रकान्यात लिहा, रोज रात्री हाताच्या पाठीने घोट्यापासून चवड्यापर्यंत तो चाचपा, आणि तो कालच्यापेक्षा गरम लागला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.